मोठ्या स्टेपर मोटरसाठी चार मॉस्फेटचा ड्रायव्हर

"मोटर ३ अँपिअरची, मॉस्फेट ४९ अँपिअरचा, तरी उडाला." हे वाक्य घेऊन माणसं माझ्या बाकड्याशी येतात आणि खिशातून फुटलेला आयआरएफझेड४४एन, म्हणजे करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, काढून दाखवतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: याहून जास्त अँपिअरचा कुठला मिळेल? माझं उत्तरही ठरलेलं आहे. अँपिअरचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. मॉस्फेट बंद होताना ड्रेनवर (मोटरकडच्या पायावर) किती व्होल्ट चढतात, आणि चालू असताना गेट (चालू-बंद ठरवणारा पाय) पूर्ण उघडतं का, हे दोन प्रश्न आधी सोडवायचे.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात पाऊच मशीनची कार्डं दुरुस्त करतो. मसाला, चहापत्ती, वेफर्स, जे काही पुडीत भरतात त्याची मशीनं. यातल्या बऱ्याच मशीनमध्ये फिल्म ओढणारी मोटर स्टेपर, म्हणजे पायरी-पायरीने फिरणारी असते, आणि जुन्या मशीनवर ती सहा वायरची युनिपोलर (प्रत्येक कॉइलच्या मधूनही एक वायर काढलेली) सापडते. मोटर धडधाकट असते, कार्ड मात्र जळालेलं, आणि ते बनवणारा बाजारातून केव्हाच गेलेला. अशा वेळी चार मॉस्फेट, दोन गेट ड्रायव्हर, दोन झेनर (ठरावीक व्होल्टच्या वरच उलटा करंट सोडणारे डायोड) आणि दोन जाडजूड रेझिस्टर एवढ्यात मशीन पुन्हा चालतं. सुटे भाग गावातच मिळतात आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणालाही दुरुस्त करता येतात.

हे कधी करू नये तेही सांगतो. मोटरला चार किंवा आठ वायर असतील आणि खर्च परवडत असेल तर डीएम५४२ जातीचा तयार चॉपर ड्रायव्हर, म्हणजे करंट स्वतःच झपाट्याने कापून हवा तेवढा ठेवणारा, आणा. तो २० ते ५० व्होल्टवर चालतो, ४.२ अँपिअर पीक देतो, आणि त्याची सफाई आपल्या सर्किटला येणार नाही. सहा वायरची मोटरसुद्धा दोन्ही सेंटर टॅप (कॉइलच्या मधल्या वायरी) मोकळे सोडून त्याच्यावर चालते. फक्त पूर्ण कॉइल वापरताना करंट प्लेटवरच्या आकड्याच्या ०.७ पट ठेवायचा. पाच वायरच्या मोटरला हा मार्ग बंद, कारण तिचे दोन्ही सेंटर टॅप आतच एकत्र करून एकच कॉमन वायर काढलेली असते.

वायरी ओळखणं

रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. मल्टिमीटर ओहमवर लावा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून किती दाखवतो ते बघा (बहुतेक ०.२ ते ०.३ येतं) आणि ते प्रत्येक वाचनातून वजा करा. एक ओहमच्या कॉइलमध्ये एवढी चूक फार मोठी असते. सहा वायरींचे तीन-तीनचे दोन गट निघतील. गटातल्या ज्या दोन वायरींमध्ये जास्त ओहम येतात ती टोकं. दोघांपासून निम्मे ओहम दाखवणारी तिसरी वायर म्हणजे सेंटर टॅप.

एका गटाची टोकं अ आणि अ′, दुसऱ्याची ब आणि ब′ अशी नावं द्या, वायरीवर टेप लावून लिहा. गट बरोबर पाडले असतील तर कुठलं अ आणि कुठलं अ′ याची चिंता नको. उलटं झालं तर मोटर उलटी फिरेल, एवढंच.

पाच वायरच्या मोटरमध्ये ओहमवरून गट कळत नाहीत. तिथे कॉमनला कमी व्होल्टचा प्लस द्या, एक टोक मायनसला लावा आणि शाफ्ट हाताने फिरवून बघा, घट्ट लागेल. ते तसंच ठेवून दुसरी टोकं एकेक करून मायनसला लावा. ज्या टोकाने शाफ्ट एकदम सैल पडतो ते पहिल्याचं जोडीदार. दोन्ही अर्ध्या कॉइलींची चुंबकं एकमेकांना मारतात म्हणून तसं होतं.

३.६ व्होल्टच्या मोटरला २४ व्होल्ट

माझ्यासमोर नेहमी येणारी मोटर घेऊ. ८६ मिलिमीटरचं तोंड, १.८ अंशाची पायरी म्हणजे एका फेऱ्यात २०० पायऱ्या. प्लेटवर ३ अँपिअर, अर्ध्या कॉइलचा रेझिस्टन्स १.२ ओहम, एलसीआर मीटरवर इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइलचा विरोध) ४ मिलिहेन्री. म्हणजे ३ गुणिले १.२, तिला ३.६ व्होल्ट पुरतात. पुरतात ते उभं राहायला. फिरायचं म्हटलं की कॉइलमध्ये करंट भरायला वेळ लागतो, आणि तो वेळ इंडक्टन्स भागिले रेझिस्टन्स: ४ भागिले १.२, साधारण ३.३ मिलिसेकंद. सेकंदाला ५०० पायऱ्यांवर दर २ मिलिसेकंदाला पायरी बदलते. करंट भरायच्या आतच पायरी निघून जाते, जोर जातो, मोटर घुरघुरत जागेवर थांबते.

जुना आणि सोपा उपाय म्हणजे जास्त व्होल्ट द्यायचे आणि मधे रेझिस्टर घालायचा. २४ वजा ३.६ म्हणजे २०.४, भागिले ३, बरोबर ६.८ ओहम. हा आकडा बाजारात तयार मिळतो. आता एकूण रेझिस्टन्स ८ ओहम, वेळ ४ भागिले ८, अर्धा मिलिसेकंद. तीच मोटर ५०० पायऱ्यांवर, म्हणजे मिनिटाला १५० फेऱ्यांवर, आरामात ओढते.

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रत्येक रेझिस्टरमध्ये ३ × ३ × ६.८, म्हणजे ६१ वॉट. दोन फेज (अ-अ′ ही एक, ब-ब′ ही दुसरी) मिळून सप्लायमधून ६ अँपिअर, १४४ वॉट निघतात आणि त्यातले १२२ वॉट नुसते रेझिस्टर तापवतात. सोनेरी अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचे १०० वॉटचे रेझिस्टर घ्या. ते १०० वॉट धातूच्या पत्र्यावर आवळल्यावरचे असतात, हवेत लोंबकळत नव्हेत. ३ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मधे थर्मल पेस्ट, शेजारी एक पंखा. प्रत्येक सेंटर टॅपला स्वतःचा एक रेझिस्टर. दोन्ही फेजला मिळून एकच घातला तर एक फेज बदलताना दुसरीचा करंट हलतो.

एका मालकाने विचारलं होतं, "काका, एवढं तापतंय, चालंल न्हवं?" चालतं. बोट लावून बघायचं नाही, तेवढं पाळायचं.

टीआयपी-१२२ का नको

जुन्या सर्किटांत हा ट्रान्झिस्टर सगळीकडे दिसतो: १०० व्होल्ट, ५ अँपिअर, स्वस्त, कुठेही मिळतो. पण तो डार्लिंग्टन आहे, म्हणजे एकात दोन ट्रान्झिस्टर. ३ अँपिअरवर त्याच्यात २ व्होल्टपर्यंत पडतात, म्हणजे ६ वॉट एका ट्रान्झिस्टरमध्ये. हीटसिंकशिवाय या पॅकेजचं तापमान दर वॉटला सुमारे ६२ अंश चढतं. गुणाकार तुम्हीच करा. हीटसिंक लावून चालतो, मोटरच्या वाट्याचे २ व्होल्ट खातो. आयआरएफ५४०एन या मॉस्फेटचा चालू रेझिस्टन्स ०.०४४ ओहम, त्याच ३ अँपिअरवर ०.४ वॉट. गरम झाल्यावर हा रेझिस्टन्स दीडपट-पावणेदोनपट वाढतो, तरी एक वॉटच्या आत राहतो. हातात टीआयपी-१२२ पडलेलेच असतील तर २ अँपिअरपर्यंतच्या मोटरला वापरा आणि बेसला १२ मिलिअँपिअर तरी द्या. नव्याने विकत आणून वापरण्यात अर्थ नाही.

ड्रेनवर चढणारे व्होल्ट

आता ४९ अँपिअरचा मॉस्फेट का उडाला ते बघू. युनिपोलर मोटरमध्ये अ आणि अ′ या दोन अर्ध्या कॉइल एकाच लोखंडावर, बहुधा एकत्रच गुंडाळलेल्या असतात. जत्रेतल्या सी-सॉ फळीसारखा प्रकार आहे: मधला टेकू म्हणजे सेंटर टॅप, एक टोक खाली दाबलं की दुसरं तेवढंच वर. सेंटर टॅप २४ व्होल्टवर आहे, अ मॉस्फेटने शून्यावर ओढला, की अ′ उसळून ४८ व्होल्टवर जातो. कुठलीही चूक न होता दुप्पट व्होल्ट. शिवाय दोन अर्ध्या कॉइली शंभर टक्के जोडलेल्या नसतात, म्हणून बंद होताना त्यावर एक टोकदार उसळी येते. आयआरएफझेड४४एन ५५ व्होल्टचा. ४८ वर उसळी आली की ५५ ओलांडायला वेळ लागत नाही. मालिकेतला रेझिस्टर असला तर उसळी आणखी मोठी, कारण परत येणारा करंट त्याच रेझिस्टरमधून उलटा जातो आणि सेंटर टॅपलाच वर ढकलतो.

म्हणून २४ व्होल्टच्या युनिपोलर सर्किटला मॉस्फेट १०० व्होल्टचाच घ्या. आयआरएफ५४०एन १०० व्होल्ट, ३३ अँपिअर. अँपिअर कमी झाले, आणि टिकतो.

आता डायोड. छोट्या मोटरच्या यूएलएन२००३ या ड्रायव्हर आयसीच्या सर्किटमध्ये कॉमनची पिन थेट प्लसला जोडलेली असते, म्हणजे प्रत्येक टोकापासून प्लसकडे एक डायोड. ते चित्र इथे उतरवू नका. अ′ला ४८वर जायचं असतं आणि डायोड त्याला २४वर धरून ठेवतो. ती अर्धी कॉइल डायोडमधून शॉर्ट झाल्यासारखी वागते, चुंबक हळू तयार होतं आणि मोटर वेग धरत नाही. डायोड हवाच, पण त्याच्या पुढे झेनर हवा.

जोडणी अशी. अ आणि अ′ या दोन्ही ड्रेनपासून एकेक यूएफ५४०४ डायोड, अ‍ॅनोड ड्रेनकडे. दोन्ही कॅथोड एकत्र. तिथे ३३ व्होल्ट ५ वॉटच्या झेनरचा, १एन५३६४बीचा, कॅथोड. झेनरचा अ‍ॅनोड २४ व्होल्टच्या प्लसला. तशीच दुसरी जोडी ब फेजला, स्वतःच्या झेनरसकट. झेनर सप्लायपेक्षा मोठा हवा, तरच अ′ला ४८पर्यंत मोकळं जाता येतं. आता ड्रेन जास्तीत जास्त २४ अधिक ३३ अधिक डायोडचा एक, म्हणजे साधारण ५८ व्होल्टवर अडतो. १०० व्होल्टच्या मॉस्फेटला भरपूर जागा उरली. १एन४००७ इथे नको, तो फार मंद आहे.

झेनरला किती सोसावं लागतं? प्रत्येक बंदला कॉइलमधली ऊर्जा ½ × ०.००४ × ९, म्हणजे १८ मिलिज्यूल. ५०० पायऱ्यांवर प्रत्येक फेज २५० वेळा बंद होते: ४.५ वॉट. ही वरची मर्यादा झाली. बराचसा भाग समोरच्या मॉस्फेटच्या आतल्या डायोडमधून सप्लायकडे परत जातो आणि काही मालिकेतल्या रेझिस्टरमध्ये जळतो. तरी झेनर बोर्डापासून थोडा उचलून, जाड तांब्यावर सोल्डर करा. आणि मोटर उभी असताना करंट कमी करायला पीडब्ल्यूएम (मॉस्फेट झपाट्याने चालू-बंद करणं) लावायचा मोह टाळा. मग झेनरला सेकंदाला हजारो वेळा मार बसतो.

झेनर उलटा बसला तर काही जळत नाही, मोटर फक्त अशक्त होते. त्यामुळे ही चूक लवकर सापडत नाही. "ओढत नाही" अशी तक्रार आली की मी आधी झेनरचा पट्टा बघतो.

गेट पूर्ण उघडा

आयआरएफ५४०एनचं गेट २ ते ४ व्होल्टला उघडायला लागतं, पण ०.०४४ ओहमचा आकडा १० व्होल्टचा आहे. पायऱ्या देणाऱ्या आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या पिनमधून ५ व्होल्ट दिले तर टेबलावर मोटर फिरते, अर्ध्या तासाने मॉस्फेट चटके देतो. नावात "आयआरएल" असलेला, उदाहरणार्थ आयआरएल५४०एन, ५ व्होल्टवर चांगला उघडतो, पण खात्रीचा मिळेलच असं नाही. आणि ईएसपी३२ या दुसऱ्या कंट्रोलरच्या ३.३ व्होल्टवर त्याच्याही भरवशावर राहू नये.

मी टीसी४४२७ वापरतो. आठ पायांच्या आयसीत दोन ड्रायव्हर असतात, दीड अँपिअरचा झटका देतो, आणि आत ३.३ व्होल्ट आले तरी त्याला कळतं. चार मॉस्फेटला दोन आयसी. त्यांना २४ वरून ७८१२ने बनवलेले १२ व्होल्ट द्या, प्रत्येकाच्या पायांना चिकटून ०.१ आणि १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. ड्रायव्हर ते गेट ३३ ओहम. गेट ते सोर्स (मॉस्फेटचा मायनसकडचा पाय) १० किलोओहम, आणि ड्रायव्हरच्या प्रत्येक इनपुटला जमिनीकडे, म्हणजे मायनसकडे, आणखी १० किलोओहम. नॅनो रिसेट होताना तिच्या पिना तरंगतात. हे रेझिस्टर नसतील तर त्या क्षणी कुठला मॉस्फेट चालू होईल याचा नेम नाही.

दुकानातून आणताना आयसीवरचा शेवटचा आकडा वाचून घ्या. ४४२६ दिसायला तोच, पण उलटा ड्रायव्हर. तो बसला तर नॅनो झोपलेली असताना चारही मॉस्फेट चालू राहतात.

मॉस्फेटही तपासून घ्या, खोटा माल पुष्कळ आहे. गेटला १२ व्होल्ट देऊन ड्रेन-सोर्समधून ३ अँपिअर सोडा आणि पायांवरच व्होल्ट मोजा. ०.१३च्या आसपास यायला हवं. ०.५ आलं तर पूर्ण पाकीट परत.

बोर्ड आणि वायरी

ब्रेडबोर्डवर ३ अँपिअर नेऊ नका. जनरल पर्पज बोर्डवर करायचं तर ड्रेन आणि सोर्सच्या रस्त्यावर उघडी तांब्याची तार आडवी टाकून वर सोल्डर भरा. मोटरच्या वायरी १ चौरस मिलिमीटरच्या. चार सोर्स एका जागी जमवा, तिथेच ४७०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टच्या कपॅसिटरचं मायनस, तिथेच सप्लायचं मायनस, आणि त्याच बिंदूपासून एक वेगळी वायर नॅनोच्या जमिनीला. मोटरचा करंट नॅनोच्या जमिनीतून वाहिला की ती मधूनच रिसेट होते आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

नॅनोला २४ व्होल्ट थेट देऊ नका. एलएम२५९६चं व्होल्ट उतरवणारं मॉड्यूल आधी मीटर लावून ५ व्होल्टवर आणा, मग जोडा. चारही मॉस्फेट एका हीटसिंकवर असतील तर प्रत्येकाखाली मायका आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश, कारण पाठीचा पत्रा म्हणजे ड्रेन. सप्लायच्या प्लसला ८ अँपिअरचा फ्यूज. आयमार्क सेन्सरची (पुडीवरची छापील खूण ओळखणाऱ्या सेन्सरची) केबल मोटरच्या वायरींपासून लांब.

पायऱ्यांचा क्रम

दोन फेज एका वेळी चालू ठेवणारा क्रम घ्या, त्यात जोर जास्त:

पहिली: अ, ब
दुसरी: ब, अ′
तिसरी: अ′, ब′
चौथी: ब′, अ

मग पुन्हा पहिली. उलट दिशेला हाच क्रम मागून वाचायचा. चार पिना एकाच पोर्टवर घ्या आणि एका ओळीत एकदम लिहा. क्षणभर अ आणि अ′ दोन्ही चालू राहिले तरी एच-ब्रिजसारखा सरळ शॉर्ट होत नाही, मधे कॉइल आणि ६.८ ओहम असतात. युनिपोलरचं हे सुख आहे.

वेग एकदम देऊ नका. समजा फिल्मचा रोलर ६० मिलिमीटर व्यासाचा आणि थेट शाफ्टवर आहे. घेर साधारण १८८.५, म्हणजे एका पायरीला ०.९४ मिलिमीटर फिल्म. १२० मिलिमीटरच्या पुडीला १२७ पायऱ्या. मी २०० पायऱ्या प्रतिसेकंदावर सुरू करतो, पहिल्या तीसेक पायऱ्यांत ५००वर नेतो आणि शेवटच्या तीसमध्ये परत उतरवतो. पुडीवर छापील खूण असेल तर शेवटच्या पायऱ्या सेन्सरवर सोडायच्या. एखाद्या ठरावीक वेगावर मोटर थरथरून पायऱ्या गाळत असेल तर तो वेग चढताना पटकन ओलांडा. मध्ये रेंगाळू नका.

पहिल्यांदा चालू करताना

मोटर न जोडता चार ड्रेनवर प्लसकडून १ किलोओहमचा रेझिस्टर आणि एलईडी लावा, क्रम सेकंदाला एक पायरी असा संथ चालवा आणि डोळ्याने बघा. नेहमी दोन दिवे, आणि अ-अ′ कधीही बरोबर नाहीत.

मग मोटर जोडा, पण सप्लायच्या प्लसमध्ये ट्रकचा २४ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब मालिकेत घाला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि एक अँपिअरच्या आत सगळं थांबतं, मॉस्फेट वाचतात. मोटर उभी असतानाही बल्ब बऱ्यापैकी उजळेल, त्याला घाबरू नका. संथ क्रमावर शाफ्ट एकेक पायरी टाकतोय ना, तेवढं बघा. टाकत असेल तर बल्ब काढून सरळ सप्लाय द्या आणि सेंटर टॅपच्या रेझिस्टरवर व्होल्ट मोजा. उभ्या मोटरला प्रत्येकावर २० व्होल्टच्या आसपास आले म्हणजे ३ अँपिअर बरोबर जातोय. एकावर २० आणि दुसऱ्यावर शून्य असेल तर त्या फेजचा मॉस्फेट उघडलेला नाही.

अर्धा तास भाराखाली चालवून बघा. मोटरचं अंग ७०-८० अंशांपर्यंत गेलं तरी ती सोसते. मॉस्फेट मात्र कोमटच राहायला हवेत; त्यातला एखादाच गरम लागला तर आधी त्याच्या गेटवर १२ व्होल्ट येतायत का बघा. सप्लाय चालू असताना मोटरचा कनेक्टर ओढू नका. दिशा बदलायची असली तरी आधी सप्लाय बंद करा, कपॅसिटर उतरू द्या, मग अ आणि अ′च्या वायरींची अदलाबदल करा.